शेकोटी घरात, धूर बाहेर

संगणकाच्या पडद्यावर एक लाकडी खोपटे उभे राहते. चार भिंती, वर गवती छप्पर, एक दार, कोपऱ्यात बिछाना. बाहेर पाऊस कोसळतो आहे, अंधार पडत आला आहे आणि जंगलातून कसले कसले आवाज येत आहेत. खेळणारा मुलगा मोठ्या समाधानाने खोपट्याच्या मध्यभागी शेकोटी पेटवतो आणि दार लावून घेतो. आता काही काळजी नाही! पण थोड्याच वेळात छपराखाली करडे ढग साचू लागतात. ते हळूहळू खाली उतरतात. पडद्यावरच्या माणसाच्या जीवनशक्तीची लाल पट्टी कमी कमी होऊ लागते. दार उघडावे तर बाहेर थंडी, पाऊस आणि शत्रू; न उघडावे तर धूर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

या खेळाचे नाव ‘व्हॅलहाइम’. स्वीडनमधील शोव्दे या गावच्या ‘आयर्न गेट’ या छोट्या कंपनीने तो तयार केला. २ फेब्रुवारी २०२१ रोजी तो बाजारात आला, तेव्हा त्यामागे जेमतेम पाच जणांचा चमू होता. एप्रिल २०२२ पर्यंत त्याच्या एक कोटी प्रती विकल्या गेल्या. युद्धात मेलेला एक व्हायकिंग योद्धा ओडिन या देवाच्या शत्रूंचा नाश करण्यासाठी दहाव्या जगात आणून सोडला जातो, अशी त्यामागची कल्पना आहे. हाती काहीच नसते. लाकडे तोडायची, दगड गोळा करायचे, शिकार करायची, घर बांधायचे आणि तग धरायचा. अशा खेळांना ‘सर्व्हायव्हल’ खेळ, म्हणजे जीव जगवण्याचे खेळ म्हणतात.

घरातील मोठ्या माणसांना असे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण या खेळातील शेकोटीची गोष्ट जरा निराळी आहे. घरात विस्तव आणला की धुराची सोय करावी लागते, ही माणसाने हजारो वर्षे डोळे चोळत शिकलेली गोष्ट तो मुलांना एका संध्याकाळी शिकवतो. ती सोय कशी करायची आणि खेळ याबाबतीत नेमके काय शिकवत नाही, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

आगीवाचून चालत नाही

मग घरात शेकोटी पेटवूच नये, असे कोणी म्हणेल. पण खेळात तशी सोय ठेवलेली नाही. रात्री थंडी वाजते, पावसात भिजले की अंगातील उमेद मंदावते, आणि यावर उपाय एकच, आगीजवळ जाऊन बसणे. बिछान्यावर निजायचे तर डोक्यावर छप्पर हवे आणि जवळपास विस्तवही हवा. एरवी झोपच घेता येत नाही. मांस भाजायचे तर आगीवरच, आणि रस्सा शिजवायचा मोठा हंडाही आगीवरच मांडावा लागतो. आगीजवळ, आडोशाला थोडा वेळ स्वस्थ बसले की माणूस ‘ताजातवाना’ होतो आणि पुढे बराच वेळ कमी दमतो. घरात बसायला खुर्ची, अंथरायला कातडे, खायला टेबल अशी एकेक सोय वाढली की हा ताजेपणा मिनिटामिनिटाने वाढत जातो.

शेकोटी स्वस्त आहे. पाच दगड आणि दोन लाकडे एवढ्यात ती तयार होते. मात्र ती लाकडी फळ्यांवर मांडता येत नाही, मातीवरच मांडावी लागते. म्हणून जाणते खेळाडू घराला फळ्यांची जमीन करताना मध्ये एक चौकोन मोकळा सोडतात आणि त्या मातीत शेकोटी लावतात. आपल्याकडे जुन्या घरांत चुलीसाठी स्वयंपाकघराचा एक कोपरा मातीने सारवलेला असे, तसाच हा प्रकार.

आता पेच असा की, आगीला पाऊस चालत नाही आणि माणसाला धूर चालत नाही. छपराला शेकोटीच्या नेमके वर भोक ठेवले तर धूर जातो खरा, पण त्याच भोकातून पाऊस आत येतो आणि शेकोटी विझते. भोक बुजवले तर धूर कोंडतो. धूर फारच कोंडला तर माणूस गुदमरतोच, शिवाय शेकोटीही विझते. तेव्हा करायचे आहे ते असे, की धूर वर जावा पण पाऊस खाली येऊ नये. खेळातील सारे धुराडेशास्त्र या एका वाक्यात आहे.

धुराडे बांधायचे कसे?

या खेळात धूर हा नुसता शोभेचा देखावा नाही. तो गोळ्यागोळ्यांनी शेकोटीतून निघतो, वर चढतो, छपराला अडतो, उताराच्या कडेने सरकतो आणि फट सापडली की बाहेर निसटतो. ‘माइनक्राफ्ट’ या बहुतेक मुलांना ठाऊक असलेल्या खेळात २०१९ साली शेकोटी आली, पण तिच्या धुराने तिथे कोणाचे काही बिघडत नाही. व्हॅलहाइममध्ये मात्र धुराची चाल ओळखून घर बांधावे लागते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे छपरावर छप्पर. घराला दोन पाख्यांचे छप्पर करावे. खेळात छपराचे तुकडे २६ अंश आणि ४५ अंश अशा दोन उतारांचे मिळतात. उतार जास्त असेल तर धूर आढ्याकडे चांगला सरकतो. शेकोटीच्या बरोबर वर आढ्याचा एक तुकडा घालू नये, तेवढी जागा उघडी ठेवावी. मग त्या उघड्या जागेच्या कडांवर आखूड खांब उभे करावेत आणि त्यांवर एक लहानसे दुसरे छप्पर चढवावे. हे वरचे छप्पर खालच्या भोकापेक्षा थोडे रुंद असावे. धूर भोकातून वर येतो आणि दोन छपरांमधील मोकळ्या बाजूंनी बाहेर पडतो. पाऊस वरच्या छपरावर पडतो आणि ओघळून जातो. गिरण्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर उष्ण हवा जाण्यासाठी असे दुमजली आढे अनेकांनी पाहिले असेल. युक्ती तीच आहे.

दुसरा उपाय त्रिकोणी भिंतीचा. दोन पाखी जिथे मिळतात तिथे घराच्या दोन्ही टोकांना जो त्रिकोण उरतो, त्याचा वरचा भाग भरू नये. धूर आढ्याखाली गोळा होतो आणि तिथून आडवा निघून जातो. हे बांधायला सोपे आहे, पण घर लांब असेल आणि शेकोटी मध्यभागी असेल तर धुराला टोकापर्यंत जाता जाता वेळ लागतो, तोवर आढ्याखालचा सगळा पट्टा धुराने भरलेला राहतो. अशा घरात माळा केला आणि वर बिछाना टाकला तर झोपणाऱ्याची खैर नाही. नवे खेळाडू ही चूक हमखास करतात. खाली उभे राहिले तर सारे ठीक दिसते, आणि माळ्यावर जाताच लाल पट्टी उतरू लागते.

तिसरा उपाय खऱ्या अर्थाने धुराड्याचा. शेकोटीच्या तीन बाजूंनी भिंत उचलायची, चौथी बाजू घरात उघडी ठेवायची आणि त्या भिंती तशाच सरळ छपरातून वर काढायच्या. वर टोकाला पुन्हा लहान छप्पर, आणि त्याच्याखाली चारही बाजूंना फट. हे धुराडे लाकडाचेही करता येते, पण दगडाचे शोभते आणि टिकते. लाकडी बांधकाम पावसात उघडे राहिले की झिजत झिजत निम्म्या बळावर येते. दगडाला पावसाचे भय नाही. दगडाचे काम करण्यासाठी मात्र दगड घडवण्याचे साधन लागते, त्याला लोखंड लागते, आणि लोखंड दलदलीच्या भयाण प्रदेशातून मिळवून आणावे लागते. तोवर लाकडावरच भागवायचे. दगडकाम हाती आले की पंधरा दगडांची मोठी चूलही मांडता येते. ती शेकोटीपेक्षा जास्त ऊब आणि सुख देते, पण धूर तिलाही आहेच.

उंच धुराडे बांधताना आणखी एक अडचण येते. खेळात प्रत्येक तुकड्याला आधार लागतो. हातोडा हाती घेऊन एखाद्या तुकड्याकडे पाहिले की तो रंगाने आपली अवस्था सांगतो. जमिनीला टेकलेला तुकडा निळा, त्यावरचा हिरवा, मग पिवळा, आणि अगदी अधांतरी झालेला लाल. लालच्या पुढे काही जोडायला गेले की ते कोसळते. म्हणून धुराड्याचे खांब जमिनीपासून सलग वर न्यावे लागतात; नुसत्या छपराच्या जिवावर धुराडे उभे राहत नाही. गवंड्याला हे सांगावे लागत नाही, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते स्वतःच्या डोळ्यांनी, रंगांत दिसते, ही मौज आहे.

शेवटी तोल सांभाळायचा असतो. धूर जावा म्हणून सगळीकडे फटी ठेवल्या तर खेळ त्या जागेला आडोसा मानत नाही, मग झोपही नाही आणि ताजेपणाही नाही. फटी वर, आढ्याजवळ ठेवायच्या. बसण्या-झोपण्याच्या पातळीला भिंती भरीव ठेवायच्या. हे जमले की घर जमले.

धूर वरच का जातो?

खेळातील धूर वर जातो, कारण कार्यक्रम लिहिणाऱ्याने तसे ठरवले. खरा धूर वर का जातो? धूर म्हणजे मुळात तापलेली हवा आणि वायू. काजळीचे बारीक कण त्यांच्याबरोबर ओढले जातात. तापलेली हवा फुगते आणि हलकी होते. खोलीतील २० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. तीच २०० अंशांपर्यंत तापवली की तेवढ्याच जागेत जेमतेम पाऊण किलो मावते. भोवतालची जड, गार हवा खाली शिरते आणि या हलक्या हवेला वर ढकलते. पाण्यात बुडवलेले बूच सोडून दिले की वर येते, त्यातलाच हा प्रकार.

धुराड्याचे काम या हलक्या हवेचा एक उंच खांब उभा करण्याचे आहे. खांब जितका उंच आणि आतील हवा जितकी तापलेली, तितकी ओढ अधिक. म्हणूनच थंड पडलेल्या धुराड्यात पहिल्यांदा आग पेटवली की धूर खोलीत येतो. आतली हवा तापली की धूर मुकाट्याने वर जाऊ लागतो. धुराड्याचे तोंड आढ्यापेक्षा खाली राहिले तर छपरावरून वळणारा वारा धूर पुन्हा खाली दाबतो. अमेरिकेत बांधकामाचा नियमच आहे की, धुराडे छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर असावे आणि १० फुटांच्या परिसरातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा निदान २ फूट उंच असावे. खेळात वारा धुराला खाली दाबत नाही, त्यामुळे तिथे बुटके धुराडेही चालून जाते. खऱ्या घरात ते चालत नाही.

खुद्द व्हायकिंगांच्या घरी

गंमत अशी की, ज्या व्हायकिंगांवर हा खेळ बेतला आहे त्यांच्या घरात धुराडे नव्हतेच. त्यांची घरे लांबच लांब असत. मधोमध जमिनीवर लांबट चूल, दोन्ही बाजूंना बसण्या-झोपण्याचे ओटे, आणि धूर छपरातील भोकातून किंवा टोकांच्या फटींतून जाईल तेवढा जायचा. नॉर्वेच्या लोफोटन बेटांवर बोर्ग येथे उत्खननात एका सरदाराच्या घराचे अवशेष सापडले. त्या घराची लांबी ८३ मीटर होती. त्याची प्रतिकृती उभारून १९९५ साली तिथे संग्रहालय उघडण्यात आले. खेळाडूंनी बांधलेली पुष्कळशी ‘लांबघरे’ याच धाटणीची असतात.

अशा घरात खरोखर किती धूर होत असेल? डेन्मार्कमधील संशोधकांनी व्हायकिंग काळातील घरांच्या प्रतिकृतींत हिवाळ्यात लाकडे जाळून हवेची मोजमापे घेतली. २०१५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातील बारीक धूलिकणांचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ वर असल्याचे त्यात दिसले. म्हणजे खेळात धुराने जी लाल पट्टी उतरते, ती खऱ्या व्हायकिंगांचीही उतरतच होती. फक्त मिनिटांत नव्हे, वर्षानुवर्षांत.

युरोपात भिंतीतील धुराडी साधारण बाराव्या शतकापासून किल्ल्यांमध्ये आणि श्रीमंतांच्या वाड्यांमध्ये दिसू लागली. सामान्यांच्या घरात ती यायला आणखी काही शतके गेली. आणि आल्यावरही ती धड चालत नव्हती. आगीची कोनाडी अवाढव्य, धुराड्याचे तोंड रुंद. परिणामी निम्मी ऊब वर निघून जाई आणि धूर खोलीत परते. काउंट रम्फर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसन (१७५३-१८१४) यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर उपाय काढला. त्यांनी कोनाडा उथळ केला, त्याच्या बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे ऊब खोलीकडे परतावी, आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. गळा अरुंद झाल्याने धूर वेगाने वर खेचला जाऊ लागला. लंडनमध्ये घरोघरी जुन्या शेगड्या मोडून रम्फर्ड पद्धतीच्या शेगड्या बसवण्याची लाट आली. धुराड्याच्या बाबतीत नुसते मोठे म्हणजे चांगले नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

खेळ जे सांगत नाही

इथवर खेळ आणि वास्तव हातात हात घालून चालतात. पण तीन ठिकाणी त्यांची फारकत होते, आणि ती जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, खेळात लाकडी भिंतीला लागून शेकोटी पेटवली तरी एरवी भिंत पेट घेत नाही. २०२४ साली आलेल्या ‘ॲशलँड्स’ या जळत्या प्रदेशाच्या भागात मात्र आग पसरू लागली. खऱ्या घरात प्रत्येक प्रदेश ॲशलँड्सच असतो, हे मुलांना सांगायला हवे.

दुसरी गोष्ट हवेच्या आवकीची. खेळात धुराला वर वाट दिली की काम झाले. खऱ्या धुराड्याला दोन वाटा लागतात. जेवढी हवा वर जाते तेवढी कुठून तरी आत यावी लागते. खोली घट्ट बंद असेल तर धुराडे कितीही उंच असो, ते ओढणार काय? उलट त्याच घरात हवा बाहेर फेकणारा पंखा जोरात चालू असेल तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढतो आणि धूर खोलीत आणतो. जुन्या घरांत दाराखालच्या फटी, कौलांमधल्या फटी, झरोके हे काम न सांगता करत. आजच्या सरकत्या काचांच्या, फटी न राहणाऱ्या खोल्यांत ते होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खेळातील धूर दिसतो. करडा, दाट, डोळ्यांसमोर साचणारा. म्हणून खेळाडूच्या मनात नकळत एक समजूत रुजते की, धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही. वास्तवात जीव घेणारी गोष्ट बहुधा दिसतच नाही. लाकूड, कोळसा किंवा गॅस पुरेशा हवेअभावी अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त वाहत राहते, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, झोप येते. माणसाला वाटते, थकवा आला असेल, आणि तो आडवा होतो. झोपेतच प्रकरण आटोपते.

धगधगत्या निखाऱ्यांचा धोका यासाठीच अधिक. लाकूड पेटते तेव्हा धूर होतो, डोळ्यांतून पाणी येते आणि माणूस उठून दार उघडतो. निखारे झाले की धूर थांबतो, खोली छान उबदार होते आणि दार लावून घेण्याचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र तेव्हाच भरपूर निघत असतो. ‘आता धूर नाही, आता शेगडी आत घेऊ’ हा विचार म्हणूनच घातक आहे.

आपल्या घरांत

हे सारे आपल्याला लागू आहे का? पुरेपूर आहे. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. बदली होऊन दिल्लीला गेलेली, शिक्षणासाठी डेहराडूनला किंवा नोकरीनिमित्त सिमल्याला राहणारी मराठी कुटुंबे तिथल्या थंडीला नवखी असतात. शेजाऱ्यांचे पाहून शेगडी पेटवतात. डोंगराळ भागातील ‘बुखारी’ला नळकांडे असते आणि ते भिंतीबाहेर काढलेले असते. कोळशाच्या उघड्या शेगडीला असे काहीच नसते.

महाराष्ट्रात थंडी तेवढी नसते, पण तोच धोका न्हाणीघरात येऊन बसला आहे. गॅसवर पाणी तापवणारा गिझर छोट्या, बंद न्हाणीघरात बसवला तर आंघोळ चालू असताना तो तिथली हवा वापरत राहतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो. यातूनही तरुण, धडधाकट माणसे दगावली आहेत. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. त्याचा जळका वायू बाहेर जाण्यासाठी नळकांडे असावे. न्हाणीघराला वर आणि खाली दोन्हीकडे उघडी झरोकेवजा जागा असावी. हवेच्या दोन वाटा, म्हटले ते हेच.

आणि चूल? आपल्या गावाकडच्या स्वयंपाकघरांची कहाणी व्हायकिंगांच्या लांबघरांहून फारशी निराळी नाही. धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जायचा, उरलेला आई-आजीच्या डोळ्यांत आणि छातीत. त्यावर उपाय शोधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून नळकांडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तो २००२ पर्यंत चालला. कोट्यवधी चुली बसल्या, पण पुष्कळ ठिकाणी धुराडे काजळीने तुंबले, ते साफ कोण करणार हे ठरले नव्हते, आणि चूल पुन्हा पूर्वीसारखी धुरकटू लागली. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांत गॅस पोहोचू लागला. तरी भरलेले सिलिंडर परवडले नाही की पुन्हा चूल पेटते. घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खेळातील लाल पट्टीचा हा खरा हिशेब.

एवढे लक्षात ठेवावे

विस्तव असलेल्या खोलीत झोपू नये. झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवावी किंवा पूर्ण विझवावी. खोलीत शेगडी ठेवायचीच असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या असाव्यात. चुलीचे किंवा बुखारीचे नळकांडे हंगाम सुरू होण्यापूर्वी साफ करून घ्यावे, कारण काजळी साचली की ते अरुंद होते आणि कधी कधी आतल्या आत पेटही घेते. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजवणारे छोटे यंत्र घरात बसवावे. शेगडी किंवा गिझर चालू असताना घरातील दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर जेवणाला दोष देत बसू नये. सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, विस्तव बंद करावा आणि इस्पितळ गाठावे. तिथे दिला जाणारा प्राणवायू हाच त्यावरचा उपचार. आत कोणी बेशुद्ध पडले असेल तर वाचवायला जाणाऱ्याने आधी दार-खिडकी उघडावी, नाहीतर तोही आतच राहतो.

राहता राहिला खेळ. मुलगा किंवा मुलगी पडद्यावर घर बांधत असेल, तर ‘पुरे झाले आता’ म्हणण्यापूर्वी पाच मिनिटे शेजारी बसून पाहायला हरकत नाही. धूर कुठून जाणार, असे विचारले तर उत्तर लगेच मिळेल, बहुधा मोठ्या अभिमानाने मिळेल. दोन छपरांची युक्तीही समजावून सांगितली जाईल. मग दुसरा प्रश्न विचारावा: आणि ताजी हवा कुठून येणार? याचे उत्तर त्या खेळात नाही. ते घरातल्या मोठ्यांनीच द्यायचे आहे, आणि जमल्यास आपल्या न्हाणीघराचा झरोका दाखवून द्यायचे आहे.